चौथ्या विधेयकाची साक्ष

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. लांबट, उंच छताची. मधे घोड्याच्या नालेसारखे वळलेले मोठे टेबल, त्याभोवती नऊ खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवरचे दोघे जण एका पक्ष्यावरून भांडत आहेत.

"अहो, तो पक्षी वर्षातले चार महिने आपल्याकडे असतो. उरलेले आठ महिने कुठं असतो, पत्ता नाही. असला पाहुणा राज्याचा पक्षी कसा होईल?"

"तुम्ही तरी तुमच्या मतदारसंघात वर्षाचे किती दिवस असता?"

सगळे हसले. एकट्या स्टेनोबाई हसल्या नाहीत. त्या टेबलाच्या टोकाला बसून खाली मान घालून लिहीत होत्या. 'हशा' असा शब्द त्यांनी कंसात टाकला आणि पेन्सिल पुढे पळाली.

ही राज्याच्या विधिमंडळाची समिती होती. कायदा होण्याआधी त्याचा जो कच्चा मसुदा असतो, त्याला विधेयक म्हणतात. ते आधी अशा लहान समितीपुढे येते. समिती लोकांना बोलावते, त्यांचे ऐकून घेते आणि मग विधेयक मोठ्या सभागृहात पाठवायचे की तिथेच गुंडाळून ठेवायचे, ते ठरवते. लोक जे बोलतात त्याला साक्ष म्हणतात. ती शब्दन् शब्द लिहून घेणे, हे स्टेनोबाईंचे काम. मोठ्या सभागृहातल्या दीडशे लोकांनी साक्षीदाराला पाहिलेले नसते. त्यांच्या हातात पडतात ती स्टेनोबाईंची पाने.

एकतीस वर्षे त्या हे काम करत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या साहेबांनी त्यांना सांगितले होते, "जे ऐकू आलं ते लिहायचं. जे दिसलं ते नाही." म्हणून हसणे लिहायचे, कारण ते ऐकू येते. एखादा माणूस बोलता बोलता नुसता खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले, तर पानावर काहीच यायचे नाही. अशी किती तरी माणसे स्टेनोबाईंनी पाहिली होती आणि लिहिली नव्हती. सवय इतकी की, घरी कोणी बोलू लागले तरी त्यांचे बोट मांडीवर फिरायचे. त्यांची वहिनी म्हणायची, "ताईंसमोर भांडायची सोय नाही बाई. आठ दिवसांनी सगळं वाचून दाखवतील."

त्या दिवशी चार विधेयके होती. पहिले सायकलींच्या दिव्यांचे. ते दहा मिनिटांत उरकले. दुसरे उघड्या विहिरींवर झाकणे बसवण्याचे. तिसरे या पक्ष्याचे, आणि त्याने दीड तास खाल्ला होता. अध्यक्षांनी चौथे पुकारले तेव्हा जेवणाच्या सुट्टीला बारा मिनिटे उरली होती, आणि चार सभासद हळूच उठून गेलेही होते.

चौथे विधेयक एवढेच म्हणत होते, की ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांसाठी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात खुणांची भाषा जाणणारा दुभाषी असलाच पाहिजे.

साक्षीदार म्हणून एक बाई आल्या. त्या गणवेश शिवण्याच्या कारखान्यात बटणे लावायचे काम करत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते. त्यांच्याबरोबर दहा वर्षांची मुलगी होती.

"दुभाषी कुठाय?" अध्यक्षांनी विचारले.

"त्यांना ताप आलाय," मुलगी म्हणाली. "म्हणून मीच आले. ही माझी आई."

अध्यक्ष समितीच्या कारकुनाकडे वळले. "आपल्याकडे कोणी नाही?"

"नाही साहेब. तशी जागाच नाहीये. पत्रात कळवलं होतं, दुभाषी आपला आपण आणावा म्हणून."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलीचे तोंड ध्वनिक्षेपकापर्यंत पोचत नव्हते. मग शिपायाने कायद्याची दोन जाडजूड पुस्तके आणून तिच्या खुर्चीवर ठेवली आणि तिला त्यांवर बसवले. "आता कायदा तुझ्या खाली," तो पुटपुटला. मुलगी हसली. स्टेनोबाईंनी ते लिहिले नाही, कारण अजून साक्ष सुरू व्हायची होती.

मग आईचे हात चालू लागले. मुलगी आईकडे बघत बघत बोलू लागली. दुभाष्याने बोलताना 'मी' म्हणायचे ते साक्षीदाराचे 'मी', हे तिला कोणी शिकवले नव्हते, तरी ती बरोबर बोलत होती.

"तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला रुग्णालयात ठेवलं होतं. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. मी कागदावर लिहून विचारायची, त्यांना काय झालंय. नर्स मुलीकडे बोट दाखवायच्या, तिला सांगितलंय, तिला विचारा. मुलगी सात वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. ते मुलीशी बोलले. मुलीनं मला सांगितलं, बाबा बरे होतील. म्हणून मी त्यांचे धुतलेले कपडे आणायला घरी गेले. परत आले तर पलंग रिकामा होता."

आईचे हात थांबले. मग उजव्या हाताने तिने हनुवटीजवळून झटकन एक खूण केली. मुलगी गप्प राहिली. आईने तीच खूण पुन्हा केली, या वेळी सावकाश, तिला समजली नसेल असे वाटून.

स्टेनोबाईंची पेन्सिल कागदावर टेकून वाट बघत होती.

"डॉक्टर खोटं बोलले," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ते माझ्याशी खोटं का बोलले, हे मला अजून कळलं नाही. मी जवळ थांबले असते."

मग टेबलाच्या डाव्या बाजूचे एक सभासद खाकरले. मघापासून ते मनगटावरचे घड्याळ बघत होते. तसे माणूस म्हणून ते वाईट नव्हते, त्यांना भूक लागली होती.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण अध्यक्षसाहेब, एक सांगू का? ही पोरगी बघा. किती छान बोलली! कुठं अडली नाही, कुठं चुकली नाही. घरात अशी हुशार मुलं असताना रुग्णालयांत मुद्दाम माणसं कशाला नेमायची? मला तर गरज दिसत नाही."

उरलेल्यांपैकी एक-दोघांनी माना डोलावल्या. मुलीचे हात मांडीवर होते. सभासदांचे हे बोलणे तिला आईला हातांनी सांगायचे होते, पण हात उचललेच गेले नाहीत. ती ध्वनिक्षेपकाकडे वळली.

"काका, मी चुकले होते."

"काय गं?"

"डॉक्टर खोटं नव्हते बोलले. ते म्हणाले होते, आईला सांग, इथून हलू नको, आता फार वेळ नाही. मीच सांगितलं, बाबा बरे होतील म्हणून." "मला ते हातांनी करताच आलं नाही."

घड्याळ बघणाऱ्या सभासदांनी घड्याळाचा हात टेबलाखाली घेतला. सगळ्यांचे चेहरे बदललेले आईने पाहिले आणि मुलीचा खांदा हलवून तिला काहीतरी विचारले. मुलीने एक छोटीशी खूण केली. आईने मान हलवली, पर्स उचलली, आणि दोघी बाहेर गेल्या.

*

सुट्टीत स्टेनोबाई जेवल्या नाहीत. टाइप करत बसल्या. नियम असा होता, की साक्षीदाराने आपली साक्ष वाचून प्रत्येक पानाखाली सही करायची. मग ती छापायला जायची. आणि बटणे लावणारी ती आई वाचू शकत होती.

तिसऱ्या पानावर येऊन त्यांची बोटे थांबली. पाने घेऊन त्या अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. एकतीस वर्षांत त्या अशा पहिल्यांदाच गेल्या होत्या.

"साहेब, मुलीचं शेवटचं बोलणं धरायचं की गाळायचं? ती साक्षीदार नव्हती. दुभाष्याचं स्वतःचं बोलणं गाळलं तरी नियमात बसतं."

अध्यक्ष पोळीचा घास हातात धरून तसेच बसले. "विधेयक आम्ही पुढे पाठवूच. पण मुलीचं बोलणं राहिलं तर ते मोठ्या सभागृहात पडणार नाही. गाळलं तर पडेल, सरळ आहे." मग ते म्हणाले, "पण पोर दहा वर्षांची आहे हो. आईला हे असं, आमच्या कागदावरून कळायचं? तुम्हीच विचारा तिला. ती मला घाबरेल."

स्टेनोबाईंनी परत जाऊन तिसरे पान दोनदा टाइप केले. एकात मुलीचे बोलणे होते, दुसऱ्यात नव्हते. बोललेले शब्द गाळून त्यांनी आजवर एकही पान तयार केले नव्हते. ते टाइप करताना त्यांच्या चार चुका झाल्या.

बाहेरच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. स्टेनोबाईंनी आईला पहिली दोन पाने दिली. आई एकेका ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचू लागली. स्टेनोबाई मुलीच्या पलीकडे बसल्या आणि कुजबुजल्या, "बाळ, तुझ्याशी जरा बोलायचंय."

"मोठ्यानं बोला ना," मुलगी म्हणाली. "तिला कुठं ऐकू येतंय."

स्टेनोबाईंना स्वतःचेच हसू आले. "मघाशी आईनं तुला काय विचारलं?"

"तू काय बोललीस, म्हणाली."

"मग?"

"मी सांगितलं, वेळ संपली." मुलगी खाली बघत होती. "मी परत तसंच केलं."

स्टेनोबाईंनी दोन्ही पाने तिच्यापुढे धरली. कशात काय आहे ते सांगितले. कोणते पान गेले तर विधेयकाचे काय होईल, तेही लपवले नाही. "आईला यातलं कुठलंही दे. तुला कोणी रागावणार नाही. मी तर मुळीच नाही."

मुलीने दोन्ही पाने वाचली. दुसरे वाचायला तिला वेळ लागला नाही.

"तुम्ही कुठलं दिलं असतं?"

"मी नुसती लिहिते गं. मला कोणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना."

स्टेनोबाईंनी आईकडे पाहिले. आई दुसऱ्या पानाच्या मध्यावर आली होती.

"तू खोटं बोलली नाहीस, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "बोललीस. पण ते सांगणं सात वर्षांच्या मुलीचं कामच नव्हतं. मोठ्या माणसांनी ते तुझ्या अंगावर टाकलं आणि निघून गेली. आज आम्हीही तेच केलं, जिथं ते थांबवायचं विधेयक आलं त्याच खोलीत बसून. हे सगळ्यांना कळावं असं मला वाटतं. पण आईला कसं कळावं, ते मला नाही ठरवता येणार."

"ती रडेल."

"हो. रडेल."

"माझ्यावर चिडेल?"

"ते मला माहीत नाही, बाळ. आज ती कुणावर तरी चिडलेलीच आहे. तीन वर्षं."

आईने दुसऱ्या पानाखाली सही केली आणि तिसऱ्यासाठी हात पुढे केला.

मुलीने ज्यात तिचे बोलणे होते ते पान घेतले. दुसरे स्टेनोबाईंना परत दिले. पण घेतलेले पान तिने आईच्या हातात ठेवले नाही. ते उलटे करून बाकावर टाकले आणि त्याच्यावर बसली, म्हणजे आईला ते आधी वाचता येऊ नये. आईच्या हातातले पेन काढून घेतले. दोन्ही तळव्यांनी आईचा चेहरा आपल्याकडे वळवला, तिचे डोळे आपल्या डोळ्यांवर आले याची खात्री करून घेतली, आणि मग हात उचलून सांगायला लागली.