भेगेवरची काच

मी काचेची पट्टी बोलतेय. बोटभर लांब आणि पातळ. पटकन तडकणं एवढीच माझी लायकी, आणि त्यासाठीच मला इथे ठेवलंय.

शेजारच्या प्लॉटवर उंचीची मर्यादा उठली. टोलेजंग इमारतीसाठी खोल खड्डा खणला गेला आणि इकडे आमच्या संगमरवरी जिन्याच्या भिंतीला भेग पडली. इंजिनिअरने त्या भेगेवर आधी माझ्या बहिणीला आडवं चिकटवलं. आम्ही दोघी एकाच खिडकीच्या काचेतून कापलेल्या. तो रहिवाशांना म्हणाला, "भिंत सरकली की ही तडकेल. मग मात्र इथे थांबू नका."

सेक्रेटरींना इमारत पाडून नवी उंच बांधायची होती. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना एक वीटही हलायला नको होती.

"काय डॉक्टर, शाबूत आहे का तुमची लाडकी काच?"

"आहे ना! तुमचं तोंड पडलंय त्यावरूनच कळतंय."

शेवटी सेक्रेटरींना धीर निघेना. गाडीच्या किल्लीने ठोकून त्यांनी बहिणीला तडकवलं, आणि नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई जिन्यात आल्या. केवढा तमाशा झाला! बहीण केराच्या सुपलीतून गेली आणि तिच्या जागी मी आले.

भिंतीच्या पलीकडे एका तान्ह्या बाळाचा पाळणा आहे. त्याची आई येता-जाता माझ्यापाशी थांबते, माझ्यावरून हलकेच बोट फिरवते. बाळाने हात पुढे केला की म्हणते, "नको रे राजा, काकू झोपलीये." मग स्वतःलाच हसते. "काचेशी बोलायला लागले मी. उद्या नळाशी बोलेन."

मला मात्र बरं वाटायचं. बाकीचे माझ्याकडे बघायचे ते आपण जिंकलो का, एवढंच पाहायला.

आज सकाळी भिंतीतून एक बारीक कळ आली आणि मी मधोमध तडकले. कुणाचा हात लागला नव्हता. बाळाच्या आईनेच आधी पाहिलं. तिच्या हाकेने सगळे धावत आले.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" सेक्रेटरी म्हणाले.

"आधी खिशातली किल्ली दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो, शप्पथ! या वेळी मी हातसुद्धा लावलेला नाही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाळाच्या बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "इंजिनिअर सोमवारी येतोय. यांची नाटकं आहेत गं, तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

"मी घाबरट आहेच रे. पण अरे, ही खरंच..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. सगळ्यांसमोर किती वेळा वेडं ठरायचं, असं वाटलं असेल तिला.

आता पलीकडून पाळण्याची चाकं वाजतायत. ती तो समोरच्या भिंतीकडे ढकलतेय. तेवढंच तिच्या हातात आहे, असं तिला वाटतंय.

माझे दोन्ही तुकडे एकमेकांपासून दूर चाललेत. सकाळी मध्ये केसाएवढी फट होती, आता नख जाईल. किल्लीने फुटलेली काच अशी सरकत राहत नाही. पण हे बघायला जिन्यात कुणी उरलेलं नाही.

बाई गं, तुझी भीती खरी आहे. समोरची भिंतही याच घराची आहे. पाळणा सोड. बाळाला उचल, नवऱ्याला हाताला धरून ओढ आणि खाली उतर. चपला राहू देत.