तोंड होतं, घसा नव्हता

तोंड आहे पण घसा नाही, असं आयुष्य तुम्ही कधी जगून पाहिलंय का?

मी जगलोय. मी एक स्कूप बोलतोय. जुन्या दणकट अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटवर मधोमध एक फुगीर उंचवटा असतो ना, पुढून तोंड वासलेला? तोच मी. समोरून येणारी थंड हवा गिळायची आणि खाली इंजिनाला पाजायची, हे माझ्या कुळाचं काम.

मिशिगनमधल्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला पुढे सरकवलं. मला वाटलं, आता माझं काम सुरू होणार. पण ज्या निळ्या बॉनेटवर मला बसवलं, त्याला माझ्याखाली भोकच नव्हतं. सपाट पत्रा! चार नट आवळले आणि झालं. महागड्या गाड्यांना भोक मिळायचं. आमच्या गाडीला नुसता रुबाब मिळाला.

मागे डिकीवर माझा एक जोडीदार होता, स्पॉयलर. आडव्या पंखासारखा. भरधाव वेगात गाडीची मागची चाकं रस्त्याला दाबून धरायची, हे त्याचं काम. आम्ही एकाच गाडीवर राहायचो, पण एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मला पुढचा रस्ता दिसायचा, त्याला मागे पडलेला. गाडी सुरू झाली की पत्र्यातून त्याची थरथर माझ्यापर्यंत यायची. तेवढीच काय ती ओळख.

आम्हाला विकत घेतलं गॅब टकाचने. टोलेडो शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत तो राहायचा आणि ओतकामाच्या कारखान्यात राबायचा. दर रविवारी प्रार्थना आटोपली की तो आम्हाला पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर न्यायचा. वाट बघताना कॉफीचा कप स्पॉयलरवर ठेवायचा. त्या बिचाऱ्याने वाऱ्यापेक्षा कपच जास्त सांभाळले.

शेजारचा वेंडल प्रोहास्का तिथे हजर असायचाच.

"काय गॅब, तुझ्या गाडीने आजपण तोंड वासलंय. घोट मात्र एकही घेतला नाही वाटतं!"

"पुढच्या वसंतात बघ. भोक पाडतो की नाही ते!"

"तू? अरे, केक कापतानासुद्धा तुझा हात थरथरतो."

हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रा सडतो, म्हणून आमच्यासारख्या गाड्या थंडीभर गॅरेजात झोपून असतात. अशाच एका हिवाळ्यात गॅबने खरंच मनावर घेतलं. बॉनेट उघडलं आणि माझ्या बरोबर खाली, आतल्या बाजूने, पिवळ्या खडूने भोकाची रेघ आखली. त्याची मुलगी रोझली दिवा धरून उभी होती. रेघ पुरी झाली. मग तो बराच वेळ करवत हातात घेऊन उभा राहिला, आणि शेवटी म्हणाला, "चांगला पत्रा आहे गं. राहू दे. पुढच्या वसंतात बघू."

वसंत येत राहिले. खडूची रेघ तिथेच राहिली.

मग काळ बदलला. ज्या गाड्या लोकांनी भंगारात काढल्या होत्या, त्याच शोधत लोक गावोगाव फिरू लागले. त्यातही मान कुणाला? जिला कुणीच हात लावला नाही तिला. मूळ रंग, मूळ नट, अगदी मूळचा ओरखडासुद्धा. एखाद्याने हौसेने नवा रंग दिला की जाणकार असे हळहळायचे, जणू घरात कुणी गेलंय. गॅब वेंडलला म्हणाला, "आता कापलं तर लोक मला वेड्यात काढतील." आणि त्याने ते बोलणंच सोडून दिलं.

गेल्या पानगळीत गॅब गेला. घर एर्नीला, म्हणजे त्याच्या मुलाला मिळालं आणि आम्ही रोझलीच्या वाट्याला आलो.

रोझली शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. केस पिकलेत, बोलणं मऊ. तिला एक शब्द कधी जमला नाही, तो म्हणजे नाही. चर्चच्या जेवणासाठी कोबीच्या पानांत खिमा भरून गुंडाळ्या करायच्या असल्या की सगळे म्हणतात, "रोझली करेल." आणि ती करते. आपल्या गॅरेजची एक बाजू तिने आम्हाला रिकामी करून दिली. संध्याकाळी कामावरून आली की बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहायची.

एर्नीने गाडीसाठी एक गिऱ्हाईक शोधलं. मिस्टर प्रुइट नावाचा संग्राहक. त्याच्या मोठ्या दालनात अशा गाड्या रांगेने उभ्या असतात म्हणे. टाकीतलं पेट्रोल काढून घेतात, बॅटरी काढून ठेवतात आणि भोवती दोरी बांधतात. मग ती गाडी पुन्हा कधीच सुरू होत नाही. ते ऐकून माझ्या चारही नटांना गारठा भरला. त्याला यायला रोझलीने होकार दिला होता. "बघायला या," एवढंच म्हणाली होती, पण तिचं एवढंच कुठवर जातं, हे आम्हाला ठाऊक होतं.

तो शनिवारी दुपारी येणार होता. सकाळीच रोझली वेंडलच्या दारात गेली आणि त्याला त्याच्या विजेच्या करवतीसकट घेऊन आली. आता तोही थकलाय, पण जीभ तशीच आहे.

"रोझली, वेड लागलंय का तुला? एकदा करवत घातली की पत्रा परत जुळत नाही हं."

"माहीत आहे. म्हणूनच."

"अगं, मग त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांग ना!"

"वेंडल, मी जन्मात कुणाला नाही म्हटलंय का? तो दारात येईल, टोपी काढेल, बाबांबद्दल चार गोड शब्द बोलेल, आणि मी किल्ली त्याच्या हातात ठेवीन. वर कॉफी पाजीन."

"केकपण देशील."

"देईन. म्हणून तर म्हणते, करवत दे."

तिने माझे नट सोडवले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि गॅरेजच्या मागच्या फळीवर ठेवलं. तिथून मला तो पहिल्यांदा दिसला. स्पॉयलर! मी मनात त्याला केवढा धिप्पाड रंगवला होता. तो तर सडपातळ निघाला, आणि त्याच्या पाठीवर कॉफीच्या कपांचे गोल वळ उमटले होते.

रोझलीने दिवा वेंडलच्या हातात दिला. बापाच्या रेघेच्या एका कोपऱ्यात ड्रिलने छिद्र पाडलं, त्यात करवतीचं पातं घातलं. पत्रा किंचाळला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात हलला नाही. एकदाही नाही. तुकडा खाली पडला तेव्हा वेंडलने टोपी काढली. मग तिने कडा कानसीने घासल्या, गंजू नयेत म्हणून रंगवल्या आणि मला पुन्हा जागेवर बसवलं.

दुपारी एर्नी आणि प्रुइट आले. प्रुइटने खरंच टोपी काढली, खरंच गॅबबद्दल गोड बोलला. रोझलीने कॉफी दिली, केक दिला, आणि स्वतःच बॉनेट उघडून दाखवलं.

तो वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"भोक पाडलं."

"कधी?"

"आज सकाळी. रंग अजून ओला आहे, हात लावू नका."

एर्नीचा चेहरा लाल झाला. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? एवढी वर्षं हात न लावलेली गाडी!"

"एवढी वर्षं बाबांना लावायचा होता, एर्नी."

प्रुइटने केक संपवला, चांगला झालाय म्हणाला आणि निघून गेला. एर्नी तिथेच कमरेवर हात ठेवून उभा. रोझली गाडीत बसली आणि शेजारचं दार आतून उघडून धरलं. धुसफुसत तो बसला.

नदीकाठच्या सरळ रस्त्याला लागल्यावर तिने ॲक्सिलरेटर दाबला, आणि हवा माझ्यात शिरली. तोंडातून घशात, घशातून खाली. इंजिन असं काही घुमलं की तो आवाज मी आमच्या गाडीतून कधी ऐकला नव्हता. मागून स्पॉयलरची थरथर आली. त्यालाही कळलं असणार.

एर्नीने खिडकीची काच खाली करून कान दिला. मग म्हणाला, "काय बैलगाडी चालवतेस? दाब की जोरात!"

ऐका, एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी एखादी रेघ आखून ठेवली असेल, तर पुढच्या वसंताची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागला होता. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून रोझलीने माझ्या तोंडात एक जुना टॉवेल कोंबला, कोबीच्या गुंडाळ्यांचं भांडं मागच्या सीटवर ठेवलं, आणि आम्ही चर्चला गेलो.