टोम्स्कच्या नाटक कंपनीतली पोलिश मिशी

"हिला काय पोलिश मिशी म्हणतात? टोकं वर कर! बघताक्षणी लबाड वाटली पाहिजे!" मालक येवग्राफ साविच खेकसला.

"मी स्वतः पोलिश आहे, मालक," झेनोन म्हणाला. "मला कुठाय मिशी?"

"तू कसला रे पोलिश? तू तर गरीब गाय!" सगळे फिदीफिदी हसले.

मित्रांनो, ती मिशी म्हणजे मी. जुनी, घोड्याच्या केसांची. कंपनीसाठी टोप-दाढ्या करणाऱ्या झेनोननेच मला विणलं. झारविरुद्धच्या पोलिश बंडात पकडून त्याला वॉर्साहून सैबेरियात हाकललेलं. हाताला काम असेल तोवरच शहरात राहायचं, नाहीतर बर्फातल्या खेड्यात रवानगी. आणि त्याची बायको छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली.

आठ वर्षं मी एकच माणूस झाले. रशियन लेखक कितीही थोर असो, पोलिश माणूस लिहायला घेतला की ठरलेलंच. छाती पुढे, खिसा रिकामा, बायकांच्या हाताचे मुके, बाहीत लपवलेलं पत्त्याचं पान. मी दिसले की लोक हुर्यो करायचे, वर टाळ्या. खोटं कशाला बोलू? मलाही माज चढला होता.

एकदा नट तीखोन दारू पिऊन आडवा झाला. मालकाने झेनोनची गचांडी धरली. "तू उभा राहा! नाहीतर उद्याच पोलिसांना कळवतो, याला काम नाही म्हणून."

झेनोनने मला ओठावर चिकटवलं. पत्त्यांत चोरी पकडली जाते, पोलिश माणूस गुडघ्यावर येऊन रडतो, असा प्रवेश. झेनोन खाली बसलाच नाही. रोज बोलतो तसं, हळू बोलला, "मी चोरी केली नाही."

"अरे, हा कुठला पोलिश! वाकडं बोल की!" प्रेक्षक ओरडले.

"खरा आणा, खरा!"

चिलगोज्यांची टरफलं माझ्यावर आदळली. मालकाने पडदा पाडला.

तिसऱ्या दिवशी झेनोनने बायकोला गोधडीत गुंडाळून खेड्याकडे निघालेल्या घसरगाडीत बसवलं. दारापर्यंत कुणी गेलं नाही. टाळ्या पिटणारेही नाहीत.

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला चुलीत घाला! पण आधी शेजारी कोण राहतो ते त्याच्या तोंडून ऐका, माझ्यावरून ठरवू नका. मी नुसते केस आहे, केस! कळतंय का...

थांबा. मला डिंक लावतायत. आज थिएटर भरलंय. मला निघायला हवं.