दोन उजव्या बाह्या

माझ्या मुलीने एकदा डोक्यात घेतलं की घेतलंच. यंदा घेतलंय ते असं, की दुकानातला नवा कपडा अंगाला लावायचा नाही. "आई, लोक फॅशन म्हणून घेतात, दोनदा घालतात नि टाकून देतात. कपड्यांचे डोंगर झालेत गं!" मी म्हटलं, "बाई माझे, लोकांनी घेणं सोडलं तर तुझी आई खाईल काय? वारा?" तेव्हा हसली, पण हट्ट सोडला नाही.

अशात नोकरीची पहिली मुलाखत तोंडावर आली. मला म्हणाली, "तू एवढी वर्षं कंपनीत शिवतेस, तूच शिवून दे. आपला तो जुना निळा पडदा आहे ना, त्याचा." वर मैत्रिणींना सांगून मोकळी, माझी आई काहीही शिवते म्हणून.

आता काय बोलणार, कपाळ! कंपनीत मी उजवी बाही शिवते. फक्त उजवी. डावी बाही शेजारच्या मशीनवर होते, कॉलर पुढच्या रांगेत, बटणं त्याच्याही पुढे. कॉलरवाली, खिसेवाली, बटणवाली, हीच तिथे आमची नावं. शेजारणीला सगळे डावी म्हणतात आणि मला उजवी. अख्खा कपडा मी जन्मात शिवला नव्हता. पण लेकीला हे सांगायची लाज वाटली, खरंच वाटली. म्हटलं, "हात्तिच्या! त्यात काय एवढं?"

तिचा एक जुना ड्रेस समोर ठेवून बेतलं आणि घरच्या मशीनवर शिवलं. ड्रेसचं अंग बरं उतरलं. बाह्या तर काय, हातचाच मळ. मुलाखतीच्या सकाळी तिने ड्रेस घातला. उजवा हात मजेत वर गेला, डावा मात्र काखेतच अडकला. बाहीचा फुगवटा भलत्याच बाजूला! मी बघितलं आणि माझं मलाच कळलं. सवयीच्या हातांनी दोन्ही बाह्या उजव्याच केल्या होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि असं झालं की मी चिडते, स्वभावच आहे माझा. "काढ तो! टाक कचऱ्यात! जा, दुकानातून आण चांगलासा!"

"अगं पण झालं काय?"

"येत नाही मला!" मी ओरडले. "अख्खा कपडा शिवता येत नाही. उजवी बाही येते, बस्स. जा, सांग तुझ्या मैत्रिणींना!"

ती माझे दोन्ही हात हातात घेऊन बघत बसली. मग हळूच म्हणाली, "डावी मावशीला बोलावू?"

डावी वरच्याच मजल्यावर राहते. आली, बाही बघितली आणि पोट धरधरून हसली. "अगं भवाने, इतकी वर्षं शेजारी बसलीस, माझ्या मशीनकडे एकदाही बघितलं नाहीस?"

"मान वर करायला वेळ कुणाच्या बापाला होता?"

"तेही खरंच म्हणा." तिने बाही पार उसवली, कापड उलटं केलं. "साधं कापड आहे, उलटलं की झाली डावी." आणि बघता बघता शिवून टाकली. फक्त पडद्याची उन्हाकडची बाजू वर आल्यामुळे ती बाही फिकी दिसायला लागली. मी तोंड वाकडं केलं.

"असू दे गं," मुलगी म्हणाली, "फॅशन म्हणतील."

तिने ड्रेस घातला आणि दोन्ही हात वर केले. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. कंपनीतून कपडे खोक्यांत भरून जातात, कुठे जातात देव जाणे. आपली बाही घालून कुणी समोर उभं राहिलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. डावीने डोळ्यांना पदर लावला. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

"आई, उशीर होतोय मला."

"जाशील गं," डावी म्हणाली, "आधी जरा चालून दाखव."

आणि माझी लेक दारापासून खिडकीपर्यंत, हात हलवत, आम्हाला चालून दाखवायला लागली.