बारा नंबरचा रस्ता कोण चालवणार

केदार माझ्या भाचीचा, रुचाचा नवरा. त्याला सहल आवडत नाही, सहलीचं नियोजन आवडतं. नियोजन केलंय म्हटल्यावर जावं लागतं, एवढ्यासाठी तो सहलीला जातो.

ऑक्टोबरात युटाच्या वाळवंटातली खोरी बघायची, असं उन्हाळ्यातच ठरलं होतं. टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोजवळून विमानाने लास व्हेगास, तिथे सात सीटची भाड्याची गाडी, मग झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस असं गोल फिरून परत. बरोबर शेजारचे देवानंद आणि शीला आणि त्यांची शाळकरी मुलगी हर्षिता. आणि मी. मावशीला एकटीला घरी कसं ठेवायचं, असं रुचा म्हणाली. पण मागच्या सीटवर दिवसभर न कुरकुरता बसेल असं माणूस त्यांच्याकडे दुसरं नव्हतं, हेही मला दिसत होतं.

बैठक दर रविवारी देवानंदकडे, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या मोठ्या टेबलाशी. टेबल मोठं म्हणून, आणि शीलाचे तर्री-पोहे म्हणून. केदार लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि उभा राहून बोलायचा. त्याने संकटांचं वेगळं पान केलं होतं. टायर पंक्चर होणे, फोनला रेंज नसणे, विंचू, हर्षिताचा मूड. प्रत्येकाने आपली एकेक काळजी सांगायची होती. रुचाला जेवणाची, म्हणून दोन कुकर ठरले. देवानंदला चौदा ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची, म्हणून त्यानंतरच्या तारखा ठरल्या. मी स्वच्छतागृहांबद्दल विचारलं. त्या दिवसापासून केदार मला जरा मान देऊ लागला.

शीलाने काळजी सांगितली नाही. ती म्हणाली, "बारा नंबरचा रस्ता मला चालवायचाय."

ब्राइसकडून कॅपिटल रीफकडे जाणारा हा रस्ता. एका ठिकाणी तो डोंगराच्या कण्यावरून जातो. दोन्ही बाजूंना खोल दरी, आणि मध्ये तुम्ही. शीलाने त्याचा व्हिडिओ इतक्यांदा पाहिला होता की कुठल्या वळणाला काय दिसतं ते तिला पाठ होतं.

देवानंद म्हणाला, "बघू."

चहा गार न होऊ देता नाही म्हणायचं असेल, तर आपल्याकडे बघू म्हणतात. केदारने तिची इच्छा टिपून घेतली आणि 'वेळ उरल्यास' या रकान्यात ढकलली. वरच्या रकान्यात लिहिलेलं होतं: ड्रायव्हर केदार, बॅकअप देवानंद.

शीला गाडी चालवत नव्हती असं नाही. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, रोज सकाळी हायवेने डॅलसला जायची. परतताना हर्षिताला आणि आणखी दोन पोरींना पोहण्याच्या क्लासहून उचलायची. पण सगळे मिळून कुठे निघाले की गॅरेजच्या दाराशी देवानंद तळहात पुढे करायचा, आणि शीला त्यावर किल्ली ठेवायची. कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही, असं ते व्हायचं. मग ती शेजारी बसून संत्रं सोलायची. शिरा काढायची, बी काढायची आणि एकेक फोड त्याच्या हातावर ठेवायची. तो रस्त्यावरून नजर न काढता तोच तळहात पुन्हा पुढे करायचा. इथल्या संत्र्याला नागपूरची सर नाही, असं दर वेळी म्हणायचा, आणि संपवायचा.

उरली रुचा. ती भाजीच्या दुकानापर्यंत छान चालवते. हायवे दिसला की तिचे हात गार पडतात.

सप्टेंबरच्या शेवटी एक गोष्ट झाली. ती समजायला इथली एक रीत ठाऊक हवी. व्हिसावर राहणाऱ्या माणसाचं गाडीचं लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं. व्हिसा संपला की लायसन्सही संपतं. मुदतवाढीचा अर्ज चालू असेल तर थोड्या मुदतीचं नवं मिळतं, पण प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टाने सवडीने येतं, तोवर हातात एक कागद असतो. केदार आणि देवानंद एकाच कंपनीत. त्यांचे अर्ज एकाच वकिलाने एकाच दिवशी पाठवलेले, म्हणून दोघांची लायसन्स संपण्याची तारीखही एकच.

शीलाचं तसं नव्हतं. तिचा व्हिसा हॉस्पिटलकडून, स्वतःचा. मागे कधीतरी देवानंदने सुचवलं होतं की तुझं नाव माझ्या व्हिसाखाली घेऊ, एकच वकील, एकच फाइल, डोक्याला ताप नाही. मी माझ्या कागदावर आले, माझ्याच कागदावर राहीन, असं ती म्हणाली होती. या हट्टाची गोष्ट देवानंद पाहुण्यांना अजून हसत सांगतो. मलाही दोनदा सांगून झाली होती.

तर त्या रविवारी केदार आपला नवा कागद पारदर्शक पाकिटात घालून आला. काम वेळेत झाल्याचं समाधान तोंडावर होतं. रुचाने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता विचारलं, भाड्याच्या गाडीवाल्यांना हा कागद चालतो का?

केदारने फोन लावला. पलीकडच्या बाईने सांगितलं, कार्ड लागतं. केदारने तिचे आभार मानले आणि लगेच पुन्हा फोन लावला, दुसरं कोणी उचलेल या आशेने. दुसऱ्याच कोणीतरी उचलला आणि तेच सांगितलं. मग देवानंदने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने, फार नम्रपणे तोच प्रश्न विचारला. त्यालाही फार नम्रपणे तेच उत्तर मिळालं.

"दोन सर्व्हर ठेवलेस," रुचा नवऱ्याला म्हणाली, "आणि दोन्ही एकाच प्लगवर."

केदार कॉम्प्युटरच्याच धंद्यातला, त्यामुळे त्याला हे नीट लागलं. विंचवाची तरतूद असलेल्या पानावर ही ओळ नव्हती.

मग मार्ग निघू लागले. स्वतःची गाडी घेऊन फ्रिस्कोपासूनच निघावं, तर अर्धी सुट्टी टेक्सास बघण्यातच गेली असती. तारखा पुढे ढकलाव्यात, तर हर्षिताची शाळा. बसने फिरावं असं देवानंद म्हणाला, पण म्हणताना त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. एवढा वेळ शीला प्रत्येकाला तर्री वाढत होती. वाढणाऱ्या बाईकडे एकदाही न बघता वाटी पुढे करायला कसब लागतं. दोघांनाही ते साधलं.

शेवटी केदारच म्हणाला, "सोपं आहे. गाडी वहिनींच्या नावावर घेऊ. गाडीवाल्यांच्या आवारातून वहिनी बाहेर काढतील. पहिल्या गॅस स्टेशनला आपण चालवायला घेऊ."

देवानंदने मान हलवली. टेबलावरचा त्याचा तळहात आपसूक उघडा पडला होता.

शीलाने पातेलं खाली ठेवलं. "गाडी माझ्या नावावर, तर स्टेअरिंगवर हातही माझेच."

"अहो वहिनी, फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"यांच्या व्हिसाखाली नाव घालणं पण फॉर्मॅलिटीच होती." ती खुर्चीवर बसली, हे त्या दिवशी पहिल्यांदाच. "गॅस स्टेशनपुढे ठोकलीत, तर इन्शुरन्सवाला मलाच विचारेल ना? मी चालवते, नाहीतर मी घरी बसते. तुम्ही कागद दाखवत पायी फिरा."

केदार लॅपटॉपकडे बघू लागला. देवानंद म्हणाला की प्रश्न भरवशाचा नाही, घाटाचा आहे. फ्रिस्को तव्यासारखं सपाट, तिला डोंगराची सवय कुठे?

"काहून, तुमच्या दारात नागपूरला कोणता घाट होता?"

हर्षिता इतका वेळ सोफ्यावर फोनमध्ये होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बाबा, शी ड्राइव्ज बेटर दॅन यू. एव्हरीबडी नोज."

हे एव्हरीबडी कोण, असं देवानंदने विचारलं. पोहण्याच्या क्लासच्या सगळ्या मुली, असं कळलं. कोण कोणाच्या गाडीत बसायला घाबरतं, याचा तिथे निकाल केव्हाच लागलेला होता.

मग त्याने मला विचारलं, मावशी, तुम्ही काय म्हणता? माणसाला वेळ हवा असला की तो वडीलधाऱ्यांना विचारतो. मी म्हटलं, मी मागे बसणारी बाई, मला काय कळतं; पुढे बसलेल्याकडे लायसन्स असलं की झालं.

देवानंद बायकोकडे बघत राहिला. "पूर्ण सहल?"

"पूर्ण."

"बारा नंबर पण?"

"त्याच्यासाठीच तर."

"बरं," तो म्हणाला. बघू म्हणाला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

केदारने वरच्या रकान्यात शीलाचं नाव लिहिलं. मग तो संकटांच्या पानावर गेला आणि काहीतरी टाइप करू लागला. रुचाने नुसतं बघितलं. त्याने ते पुसलं आणि बॅकअपसमोर 'नाही' असं लिहिलं. हा शब्द लिहिताना मी त्याला प्रथमच पाहिलं.

सहलीचं सगळं सांगत बसत नाही. खोरी लाल आहेत, खोल आहेत, आणि दर वळणाला कोणीतरी फोटोसाठी गाडी थांबवायला लावतं. मागच्या सीटवर केदारला नवीन ज्ञान झालं, की तिथेही काम असतं. चिवड्याचा डबा पुढे-मागे करायचा, सांडलेले शेंगदाणे वेचायचे, कुकर कोणाच्या पायाशी लागतो ते बघायचं. त्याने ते नीट केलं. काम सांगितलं की तो करतो.

बारा नंबरचा तो कणा आला. डावीकडे काही नव्हतं, उजवीकडेही काही नव्हतं. शीला आपल्याच चालीने चालवत होती, ना हळू, ना घाईत. शेजारी बसलेला देवानंद पायाखालच्या गालिच्यावर नसलेला ब्रेक दाबत होता. आधी मला वाटलं त्याने डोळे मिटलेत. पण नव्हते मिटले. तो रस्त्याकडे बघत नव्हता, बायकोच्या हातांकडे बघत होता.

"संत्रं आहे ना पिशवीत?" ती म्हणाली. "सोला."

त्याने सोललं. सराव नसल्याने वेळ लागला, आणि रस अंगठ्यावरून मनगटापर्यंत गेला. फोड दिली ती शिरांसकट, बियांसकट. शीलाने ती तशीच खाल्ली. पुढच्या वळणावर तिने रस्त्यावरून नजर न काढता उजवा हात त्याच्याकडे नेला.

देवानंदने सवयीने तळहात पुढे केला. तिने त्यावर बी ठेवली.