भरमूचा खिमापाव

कावळे नव्हते असं नाही. मार्कंडेय नदीच्या काठावरच्या बाभळीवर ते थव्यानं बसले होते, एकमेकांवर ओरडत होते, मधूनच उडून पुन्हा बसत होते. पण खाली मांडलेल्या भरमूच्या पानाकडं एकही फिरकत नव्हता.

भरमू हिंडलग्याचा टांगेवाला. लढाईच्या सगळ्या वर्षांत त्यानं बेळगावच्या कॅम्पातल्या सोल्जरांची ने-आण केली, आणि लढाई संपून वर्ष होतंय तोवर तापानं गेला. आज तिसरा दिवस. राख सावडून झाली होती. पानावर भात, वडे, तांबडा रस्सा, शेजारी कपभर चहा आणि विडीचं बंडल, सगळं यथासांग होतं. चहावर साय धरली, रस्सा थिजला, ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा शिवेना. घरात बायका उपाशी होत्या. इथून निरोप गेल्याशिवाय चूल पेटायची नव्हती.

सगळ्यांत पुढं परशराम बसला होता. भरमूचा थोरला भाऊ. भरमूला मुलगा नाही, म्हणून अग्नी त्यानंच दिला होता. आणि तिथं जमलेल्या माणसांत कावळा का शिवत नाही हे ठाऊक असलेला तो एकटाच होता.

भरमू गेला त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला परशराम त्याच्या उशाशी होता. भावजय जयाबाई पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात भरमूनं त्याचं मनगट धरलं. तापानं हात नुसता भाजत होता. "आण्णा," तो म्हणाला, "बेबीला बोरगावात देऊ नगंस." एवढंच. जयाबाई आली, त्यानं डोळे मिटले, ते पुन्हा नीट उघडलेच नाहीत.

बेबी ही भरमूची एकुलती एक पोर. आणि बोरगावाला शब्द परशराम देऊन बसला होता. मुलगा कसला, चांगला बाप्या गडी होता तो. पहिली बायको वारलेली, पदरात दोन पोरं, निपाणीला तंबाखूच्या वखारीत भागी. परशरामाचा स्वतःचा मुलगा ज्योतिबा लहानपणापासून एका पायानं अधू. तिशी उलटली तरी त्याला कुणी पोरगी देईना. बोरगावकरानं सरळ सांगितलं होतं: तुमची बेबी आम्हाला, आमची बहीण तुमच्या ज्योतिबाला. साटंलोटं. परशराम काही राक्षस नव्हता. रोज सकाळी पोरगा पाय ओढत गोठ्याकडं जाताना बघून त्याच्या पोटात तुटायचं, एवढाच त्याचा गुन्हा. बेबी मात्र म्हणाली होती, "आबा सांगतील तसं करीन." आणि तिचा आबा, म्हणजे भरमू, हो म्हणाला नाही, आणि थोरल्या भावाचा शब्द मोडवत नाही म्हणून नाहीही म्हणाला नाही.

"कायतरी राह्यलंय त्याच्या मनात," रवळू न्हावी म्हणाला. "परशरामआण्णा, शेवटी तुमीच हुता न्हवं जवळ? काय मागत हुता काय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. खरं ओठांवर आलं होतं, पण ज्योतिबा समोरच दगडावर आपला बारका पाय हातानं उचलून नीट ठेवत होता. परशरामाच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"खिमापाव मागत हुता. कॅम्पातला."

खोटं बोलायचं म्हणून तरी माणसाला बरं काहीतरी सुचावं! पण त्याला आठवलं ते हेच. कॅम्पातली हॉटेलं खिमा थापून त्याची जाड वडी तव्यावर भाजायची आणि कापलेल्या पावात घालून द्यायची. गोरे त्याला हँबर्गर म्हणत. भरमू घरी येऊन सांगायचा, ही गोरी माणसं दोन्ही हातांनी पाव धरून असा आ वासतात, आणि तोंड करून दाखवायचा. बेबी हसून हसून लोळायची.

"आरं तिच्या!" जयाबाईचा भाऊ आण्णाप्पा बेळगुंदीहून आला होता, तो उठूनच उभा राहिला. "मग एवढा येळ गप का बसलासा? आणूया की!"

आणायचा, पण कुठला? झालं, तिथं राखेच्या कडेला उभं राहून वाद पेटला.

गुंडू हा भरमूचा जोडीदार टांगेवाला. तो म्हणाला, कॅम्पात खावा तर इराण्याचा. लोणी लावून पाव भाजतो, साहेबलोकबी तिथंच येत्यात. आण्णाप्पानं हात झटकला. "लोण्यावर काय हाय रं? बाजारात गूळ घालायला आलतो तवा मी टेसनाजवळच्या खाणावळीत खाल्लाय. कांदा, हिरवी मिरची, सुरीनं बारीक केलेला खिमा. इराणी यंत्रातनं काढतोय, त्याला काय चव?" रवळू म्हणाला की खिम्याचं राहू द्या, पाव गोवेकर पेद्रूच्या हॉटेलातला, त्याच्या घरच्या भट्टीचा पायजे, वाळला की बाकीच्यांचा नुसता दगड हुतोय. मग मांस बकऱ्याचंच कशावरून, हा प्रश्न निघाला. त्यावर तिघंही आपापल्या हॉटेलवाल्याच्या वतीनं शपथा घ्यायला लागले. हॉटेलात पाऊल न टाकलेली माणसंही बाजू घेऊ लागली. कुणाला हसू येत नव्हतं. प्रश्न भरमूच्या जिवाचा होता, आणि म्हणूनच प्रत्येक जण इरेला पेटला होता.

"कांदा घालून म्हणाला काय?" आण्णाप्पानं परशरामाला विचारलं.

"व्हय. कांदा घालून."

"बघा! टेसन!"

"लोणी म्हणाला आसंल की," गुंडू म्हणाला.

"लोणीबी म्हणाला," परशराम पुटपुटला. एकदा खोट्याला बोट दिलं की ते सगळा हात मागतं, तसं त्याचं झालं होतं. आपली आपल्यालाच किळस येत होती, पण थांबता येत नव्हतं.

शेवटी तिन्हीकडचा आणायचा ठरलं. गुंडूनं भरमूचाच टांगा जुंपला, भरमूचीच घोडी, आणि तो कॅम्पाकडं गेला. माणसं बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहिली. परशराम पानासमोरून हलला नाही. भरमू तिथंच कुठंतरी उभा आहे आणि आपल्याकडं बघतोय, असं त्याला सारखं वाटत होतं. मान वर करायचा धीर होत नव्हता.

गुंडू परत आला तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. त्यानं तीन पुड्या सोडल्या, तिन्ही पाव पानाजवळ ओळीनं मांडले. मग परशरामाजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, एक इचारू? घोडी एकाबी हाटेलासमोर थांबली न्हाय."

"मग?"

"भरमू जिथं रोज थांबायचा तिथं ती आपसूक थांबती. चिंचंखाली थांबली, हौदावर थांबली. हाटेल आलं की सरळ फुडं. आन् मलाबी आठवतंय, सोल्जरांस्नी बराकीत उतरवून आमी हाटेलात जायचो, खायचो. भरमू कधी आला न्हाय. पोर जेवायची थांबलीया म्हणायचा, टांगा फिरवायचा." गुंडूनं पावांकडं नजर टाकली. "त्यो खरंच पाव म्हणाला काय वो?"

वर कावळे ओरडत होते. तीन हॉटेलांचे तीन पाव उन्हात पडून होते आणि एकाही कावळ्याला त्यांची फिकीर नव्हती. बस्स, परशरामाला वाटलं. आता नाही सोसवत. ज्योतिबाचं नशीब ज्योतिबाजवळ. तो उठला, धोतराचा सोगा सावरला, हात जोडले.

"भरमू," तो म्हणाला. "भरमू, ऐक. मी सगळ्यांदेखत सांगतो..."

फडफड झाली. बाभळीवरनं एक कावळा सरळ खाली आला, आणि स्टेशनजवळच्या पावातला खिम्याचा तुकडा उचलून पलीकडच्या दगडावर जाऊन बसला. पाठोपाठ दुसरा. पाठोपाठ सगळेच.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. आण्णाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच दमात तो रवळूला म्हणाला, "बघितलास? टेसन!" गुंडूनं स्वतःच्या दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या आणि परशरामाचे पाय धरले. "चुकलो, आण्णा. तुमच्यावर शक घेतला. माफी करा."

परशराम जोडल्या हातांनी तसाच उभा होता. त्याला सांगायचं होतं ते ऐकायची आता कुणालाच गरज उरली नव्हती. माणसं नदीकडं आंघोळीला निघालीसुद्धा. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, भाऊ असावा तर असा. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची भयंकर लाज वाटली.

घराच्या दारात बेबी पाण्याची घागर आणि कडुनिंबाचा पाला घेऊन उभी होती. मसणातनं आलेल्यानं पाला चावून थुंकायचा, पाय धुवायचे, मग आत जायचं. निरोप आधीच पोचला होता. तिनं परशरामाच्या हातावर पाला ठेवला, तो त्यानं तोंडात घातला. ती वाकून त्याच्या पायांवर पाणी घालू लागली. रडून रडून डोळे सुजले होते, पण चेहरा शांत होता.

"आप्पा," ती चुलत्याला म्हणाली, "आबांनी खरंच खिमापाव मागितला?"

परशरामानं होकाराची मान हलवली.

"मला वाटायचं, बोरगावचं त्यांच्या मनात न्हाय. आईबी तसंच म्हणायची. मी म्हटलं, तसं काय आसंल तर आबा आप्पांस्नी सांगूनच जातील." तिनं घागर खाली ठेवली. पदरानं नाक पुसलं. "त्यांनी नुसता पाव मागितला. म्हणजे माझी काळजी नव्हती त्यांस्नी. मग जाते मी बोरगावला. बोरगावकरांस्नी कळवा तुमी."

ओट्यावर ज्योतिबा नुकताच येऊन टेकला होता. त्यानं ते ऐकलं. त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच त्यानं मान खाली घातली.

"दुसरं कायबी म्हणालं न्हाईत न्हवं, आप्पा?" बेबीनं विचारलं. "माझ्याबद्दल?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. भरमूचेच डोळे. परशरामाचं तोंड कडूजहर झालं होतं. थुंकायला म्हणून तोंड उघडलं असतं, तर त्याबरोबर सगळंच बाहेर पडलं असतं.

त्यानं पाला गिळला.

"न्हाय," तो म्हणाला, आणि आत गेला.