स्टुलावरचा आवाज

मी एक जुनी मापाची टेप आहे, मित्रांनो. साठ इंच लांब, टोकाला पत्रा आणि पहिले चार आकडे पार पुसलेले. पण खोटं मी कधी बोलले नाही. तेवढा एक तोरा मला आहे.

कारखान्यात जन्मले आणि मास्तरांच्या गळ्यात पडले. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. दुकानाची एक रीत होती. मास्तर माप घेऊन आकडा मोठ्याने सांगायचे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली त्यांची लेक तोच आकडा पुन्हा म्हणायची आणि वहीत लिहायची. दोनदा कानावर पडलं की चूक राहत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. गिऱ्हाइकं त्यांच्या हाताची तारीफ करायची आणि मी उगाच फुशारून जायचे.

पुढे मास्तरांना दुखणं जडलं, बरं न होणारं. लेकीचा मापावर हात बसला नव्हता आणि दुकान तर आता तिलाच सांभाळायचं होतं. म्हणून मास्तर वही घेऊन स्टुलावर बसले आणि मी तिच्या हाती आले; आता आकडा ती सांगायची आणि ते पुन्हा म्हणायचे. रोज दुकान उघडलं की पहिलं माप ते स्वतःचं घ्यायला लावायचे.

मला फार भीती वाटायची हो. दर आठवड्याला त्या छातीभोवती मी थोडी जास्त उरायचे. अडतीसची छाती छत्तीस झाली, मग चौतीस. बरगड्या मला एकेक करून लागायच्या. लेकीला ते बघवेना. एके दिवशी तिने खुशाल "अडतीस" म्हणून टाकलं. मास्तरांनी आकडा पुन्हा म्हटलाच नाही. ते अंगठ्याने मला चाचपत राहिले.

"तेहेतीस," ते म्हणाले. "मी आटलोय, पोरी. अडतीसचा सदरा शिवलास तर त्यात मी शोधूनही सापडणार नाही."

ती खूप रडली. पण सदरा तेहेतीसचाच शिवला. तो अंगात असतानाच मास्तर गेले.

स्टूल रिकामं झालं. लेक माप घ्यायची, आकडा सांगायची आणि सवयीने क्षणभर थांबायची. कोणी काही बोलायचं नाही. मग ती स्वतःच लिहायची.

एका दुपारी एक आजारी गृहस्थ बायकोचा हात धरून आले. अंगात काही म्हणून राहिलं नव्हतं. लेकीने मला त्यांच्या छातीभोवती घेतलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छत्तीस."

"एकतीस," स्टुलावरून आवाज आला.

नवरा-बायकोने वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. माझ्या अंगावरून मात्र एक गार अंगठा सरकत गेला आणि एकतीसवर थांबला.

"एकतीस," लेक पुन्हा म्हणाली आणि तिने लिहून घेतलं.

आठवड्याने ते गृहस्थ नवा सदरा घालून आरशासमोर उभे राहिले. कितीतरी वेळ स्वतःला बघत होते.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "मी अजून आहे की!"

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर ते पूर्वी केवढे होते हे आठवत बसू नका. आज जेवढे उरलेत, तसंच त्यांना जवळ घ्या. आणि तेव्हा मागून कोणी हळूच खरा आकडा सांगितला, तर भिऊ नका. लिहून घ्या.